सरांचं अर्धं वाक्य

वाक्य अर्ध्यावर सोडून घरी जाणारा दुसरा प्राध्यापक मी पाहिला नाही. आमचे सर ग्रीक तत्त्वज्ञान शिकवायचे. "चिंतनाचं जगणं हेच सगळ्यात वरचं सुख, कारण..." एवढ्यात खिशातल्या मोबाईलचा गजर वाजायचा. सर खडू ठेवून कॉलेजमागच्या घरी जायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अर्धांगवायूने पडून होत्या, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस वेळेवर बदलावी लागे. परत आले की सर नेमके 'कारण'च्या पुढे सुरू करायचे. कधी चुकले नाहीत.

सर कागलचे, शेतकऱ्याघरचे. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. "सद्गुण पाठ करून येत न्हाय. रोज केला की अंगात मुरतोय," असं ते सांगत. आम्ही ते पेपरात लिहून मार्क घेतले.

निवृत्तीनंतर गॅलरीत निवांत बसून विचार करायचा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी आरामखुर्चीही घेऊन ठेवली होती. निवृत्त झाले, तरी तिच्यावर काकूंच्या चादरीच वाळत असायच्या. सर दमले होते, चिडायचेही. ग्रीकांच्या घरी राबायला गुलाम होते, त्यांना चिंतन जमायचंच, असं एकदा फणकाऱ्याने म्हणाले.

मी आता राजारामपुरीतल्या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेचं नीतिशास्त्र शिकवते. सद्गुण, सुख, सगळं मुद्द्यांत. संध्याकाळी इतकी थकते की त्यातलं काहीच खरं वाटत नाही.

काकू गेल्या. महिन्याभराने मी सरांना भेटायला गेले, तर ते चक्क त्या खुर्चीत बसलेले. मला फार बरं वाटलं. आता तरी निवांतपणा मिळाला ना, असं विचारलं.

सर म्हणाले, "येळ लई हाय, पोरी. पर बसलं की काय सुचतच न्हाय. इचार सगळा तिची कूस बदलतानाच व्हायचा. वाटायचं, ह्यातनं सुटलो की सुख. आणि सुख तर..."

मोबाईल वाजला. गजर त्यांनी बंदच केला नव्हता. सर सवयीने उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. गादी काढलेल्या पलंगाकडे बघत उभे राहिले. मी जागची हलले नाही.

परत येऊन ते खुर्चीत टेकले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "मी कुठवर आलतो गं?"