या-बसा न म्हणणारी बैठक

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागे एकदा हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंना असा ठसका लागला की पाठीवर धपाटे घालावे लागले. माणूस किती मोठा गाढव होऊ शकतो हे बघायचं असेल तर लांब कशाला जाता? मी समोरच बसलोय!

गोष्ट दारूबंदीच्या काळातली. मी तेव्हा पनवेलला भाताच्या गिरणीत कारकून होतो, आणि पीत होतो. आता गंमत बघा. सरकारने दारू बंद केलेली. म्हणजे कायद्याने गावात दारू नाही. दारू नाही म्हणजे पिणारा नाही. म्हणजे मी नाहीच! संध्याकाळी भिंती धरून चालणारी माणसं रोज दिसायची, पण विचारायला जा, अख्ख्या पनवेलमध्ये एकही पिणारा सापडायचा नाही. होतो तो मी एकटा.

आणि एकटाच प्यायचो. संगतीनं बिघडलो असं म्हणायलाही मला सोय नव्हती, कारण संगतच नव्हती. खोलीत कडी लावायची, दिवा बारीक करायचा आणि भिंतीकडे बघत बसायचं. ही कसली मजा? पण सुटत नव्हती.

शेवटी कुमुद, माझी बायको, पेणला भावाकडे निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. ट्रंक टांग्यात ठेवली आणि म्हणाली, "अहो, न पिता चार माणसांत बसायला शिका. बसाल त्या दिवशी मला न्यायला या."

झालं! एवढीशी खोली, पण ती गेल्यावर केवढी मोठी झाली. सकाळी करपलेला भात खायचा, दिवसभर गिरणीत भाताचीच पोती बघायची आणि संध्याकाळी पुन्हा कडी. चार माणसं आणायची कुठून? सणासमारंभाचं, दुखण्याखुपण्याचं, लोकांकडे जाणंयेणं सगळं कुमुदच सांभाळायची. मला कुणी बोलावत नव्हतं, आणि मी कुठे जात नव्हतो.

अशात गिरणीच्या कामाला मुंबईहून कामत म्हणून एक गृहस्थ आले. त्यांनी माझे हात थरथरताना पाहिले आणि हळूच बाजूला घेतलं. म्हणाले, "मुंबईला आता दारू सोडू पाहणारे लोक आठवड्यातून एकदा एका खोलीत जमतात. कुणी नाव विचारत नाही, उपदेश करत नाही. एकेक जण उठतो, आपलं दुःख सांगतो, बाकीचे गप्प ऐकतात. बघा, तुमच्याकडेही असेल काहीतरी."

मला एकदम उजेड दिसला. असेल! पनवेल काय लहान गाव आहे? पण विचारायचं कुणाला?

आधी गेलो डॉक्टरांकडे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दार लोटून घेतलं. "दारूच्या परमिटासाठी आजाराचं सर्टिफिकेट हवंय ना? झोप लागत नाही, असं सांगा."

"डॉक्टर, मला सोडायचीय."

"सगळे तसंच म्हणतात. हात पुढे करा. वा! थरथर काय झकास आहे!"

"अहो, परमिट नको मला. सोडणारे लोक एकत्र बसतात ना, ते कुठे बसतात तेवढं सांगा."

डॉक्टरांचा चेहरा असा उतरला म्हणता! परमिट नको म्हणणारा पेशंट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि वर विचारतोय, लोक कुठे बसतात? ते ताडकन उभे राहिले आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मी आजवर कुणालाही खोटं सर्टिफिकेट दिलेलं नाही! तुमच्या साहेबांना सांगा!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गिरणीतला कारकून दारूबंदीवाल्यांचा माणूस आहे. मी हॉटेलात शिरलो की बाकडं रिकामं. पानाच्या गादीपाशी उभा राहिलो की पानवाला देवाचं नाव घ्यायला लागायचा. आधी मला कोणी बोलावत नव्हतं, आता मला बघून लोक पळायला लागले. चार माणसांत बसायला निघालो होतो आणि होतं नव्हतं ते माणूसही गेलं.

उरला एक गोमा. विचुंब्याचा टांगेवाला, कुमुदची ट्रंक त्यानेच नेलेली. मी शहाणपण शिकलो होतो. म्हटलं, आता दारूचं नावच काढायचं नाही.

"गोमा," मी म्हटलं, "संध्याकाळी दार लोटून माणसं बसतात, दुःख हलकं करतात, असं एखादं घर ठाऊक आहे का रे तुला?"

गोमाने माझ्याकडे बघितलं. त्याचा आवाज मऊ झाला. "हाय ना सायेब. रोज मानसं नेऊन सोडतो मी तिथं. तुमी पन जानार? चला, बसा. असं येकट्यानं घरात कुढायचं नाय."

सापडलं! मला गोमाच्या घोड्याचीसुद्धा पापी घ्यावीशी वाटली.

तळ्याच्या पलीकडे एका आळीत टांगा थांबला. दार लोटलेलं, बाहेर चपलांची रांग. कामतांनी सांगितलेलं तंतोतंत! मी मान खाली घालून आत गेलो. कुणी "या, बसा" म्हटलं नाही. कुणी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. सतरंजीवर पुरुषमाणसं गुडघ्यांत मान घालून गप्प बसलेली. एक काका जरा सरकले, मी त्यांच्याशेजारी टेकलो. चहा नाही, पाणी नाही. म्हटलं बरोबर आहे! पिणाऱ्यांच्या बैठकीत पेला कशाला हवा?

हसू नका. खरं सांगतो, कितीतरी महिन्यांनी माझ्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागला होता. तो सुटू नये म्हणून मी जरासुद्धा हललो नाही. मधूनच एखादा उठायचा आणि "येतो"सुद्धा न म्हणता निघून जायचा. केवढी शिस्त! मी मनात म्हटलं, मुंबईलासुद्धा इतकी नसेल.

थोड्या वेळाने समोरच्या एका गृहस्थांनी उसासा टाकला. "आता ज्यानं त्यानं स्वतःला सावरायला हवं."

म्हणजे बैठक सुरू झाली! पण पुढे कुणी उठेना. सगळे बिचारे माझ्यासारखेच लाजाळू. म्हटलं, कुणीतरी सुरुवात करायला हवी ना?

मी उभा राहिलो. "मंडळी, मी दारू पितो."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. काय ऐकत होते लोक! मला चेव आला.

"घरात कडी लावून पितो. कुणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणतो. डोळे पिवळे दिसले तर कावीळ सांगतो. आपण सगळे कावीळच सांगतो!"

आतल्या खोलीत बायकांमध्ये हुंदका फुटला. वा, म्हटलं, इथे बायकांचीही सोय आहे!

"बायको सोडून गेली. गावात बोलायला माणूस नाही. मला वाटायचं मी एकटाच असा. पण आज तुम्ही इतके जण बघून धीर आला. लाजू नका! इथे सगळे एकाच कारणासाठी आलोय. हे काकाच बघा, डोळे किती लाल झालेत. बोला काका, मोकळे व्हा! तुम्ही कधीपासून घेता?"

काका ताडकन उठले. काका म्हणजे कोण? निवृत्त मामलेदार! दारूबंदीवर गावोगाव व्याख्यानं देणारे! "नाना, कोण आहे हा माणूस?" ते ओरडले.

आणि काका उठल्यामुळे त्यांच्या पाठीमागचा कोपरा मला दिसला. तिथे जमिनीवर पीठ पसरलेलं होतं. पिठावर एक समई जळत होती. आणि भिंतीला टेकून माझ्याच वयाच्या एका माणसाचा फोटो होता.

मी दुखवट्याच्या घरात उभा होतो.

उसासा टाकणारे गृहस्थ, नाना, गेलेल्याचे थोरले भाऊ. त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुम्ही आमच्या वसंताबरोबर बसायचात का?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी एकटाच बसतो."

गावाला त्यांनी कावीळ सांगितली होती. खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं होतं. मी कसेबसे हात जोडले, "चुकलो, माफ करा" असं पुटपुटलो आणि उंबऱ्याशी पोचल्यावर सवयीने बोलून गेलो, "बराय, येतो!"

अरे देवा! दुखवट्याच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं! आतून कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. मी तोंड लपवून चपला शोधतोय, तर मागे वसंताची आई येऊन उभी. आता ही जोडा हाणणार, मी डोळे मिटले.

"त्यानं हेच सांगितलं असतं कुणाला तरी," ती म्हणाली. "आम्ही बोलू दिलं नाही. चार लोकांत नाक जाईल म्हणून." मग पदराने तोंड पुसलं. "तुम्ही येतो म्हणालात ना? या. नक्की या."

टांग्यात बसलो आणि ढसाढसा रडायला लागलो. गोमाने घोडा हळू घेतला. "लई जवलचे व्हते काय सायेब?"

मी म्हटलं, "हो." वसंताला मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन आळ्या पलीकडे तोही कडी लावून भिंतीकडे बघत बसत असणार. एका गावात राहून आमची भेट झाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. त्या संध्याकाळी घरी आलो, पण कडी लावली नाही.

तेरावं झालं, त्या घरी लोक यायचे थांबले, आणि मी जायला लागलो. वसंताची आई चहा करायची, नाना ऐकायचे. कधी ते वसंताबद्दल सांगायचे, मी ऐकायचो. काही दिवसांनी दारात कोण उभं? मामलेदार काका! टोपी काढली, दार नीट लोटून घेतलं आणि म्हणाले, "नाव विचारणार नसाल तर सांगतो." अख्खा तालुका ज्यांना नावाने ओळखत होता ते काका! आम्ही नाव विचारलं नाही.

सुटली हो. सहज नाही सुटली, पण सुटली. मग गेलो पेणला. कुमुद ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"बसतो मी चार माणसांत," मी म्हटलं. "न पिता."

"ऐकलंय," ती म्हणाली. "दुखवट्याला जाऊन मामलेदारांना दारुडा म्हणालात, ते तुम्हीच ना? गोमानं सांगितलं सगळ्यांना." आणि ती जी हसत सुटली, सूप बाजूला ठेवून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत! हसत हसतच ट्रंक भरायला घेतली.

तेव्हापासून एक मात्र झालं. कुणाकडे कुठेही जायचं असलं, बारसं असो, मुंज असो, ही मला आधी दारात उभं करते. स्वतः आत डोकावून येते आणि दटावून सांगते, "बारसं आहे. आत चला, पेढा खा, आणि मेहेरबानी करून उभं राहून काही बोलू नका!"