लंबूची दोन वर्षं

फुटबॉल मला आजही फारसा कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते माझ्या पोराने एकदा ओट्यावर वाटी, चमचा आणि मिठाची बरणी मांडून समजावलं होतं. मी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. तरी एका मॅचचा निकाल माझ्या तोंडामुळे लागला. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण मैदानावर पोरं खेळताना दिसली की मी रस्त्याच्या पलीकडून जाते. उगाच.

आम्ही तेव्हा अंबरनाथला चाळीत राहत होतो. माझ्या शेजारच्या खोलीत देशावरचं एक कुटुंब आलेलं. नवरा-बायको आधी बदलापूरकडच्या वीटभट्ट्यांवर राबायचे, मग नवऱ्याला इकडे एका कारखान्यात माल चढवायचं काम लागलं. त्यांना एकच मुलगा. मुलं पुढे त्याला लंबू म्हणायला लागली, म्हणून मीही इथे लंबूच म्हणते. शेजारीण आणि मी, आमची जोडी जमली ती कामावरून. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे शेअर रिक्षात कोंबून आणायचे, ओट्यावर पाय पसरून बसायचं आणि शिलाईचे लोंबते धागे कापायचे. दिवसभर कैची आणि तोंड, दोन्ही चालू. हात निळे व्हायचे. भाकरी थापायच्या आधी किती घासा, नखांत निळं राहायचंच.

अशाच गप्पांत आम्ही दोघींनी पोरांची वयं बोटांवर मोजून काढली होती. ती दोघं पहिल्यांदा भट्टीवर आली त्या दिवाळीत लंबूला दात आले होते, आणि त्या दिवाळीत माझा अजून पोटातही नव्हता. म्हणजे तिचा माझ्यापेक्षा चांगला दोन वर्षांनी मोठा. भट्टीवर कसली आलीय शाळा, म्हणून तो तसाच राहिलेला.

माझ्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी तिला म्हटलं, चल, दोघांना एकदमच घालू. खरं कारण वेगळं होतं. माझा पोरगा महा रडका. लंबूच्या सदऱ्याचं टोक धरल्याशिवाय तो नळापर्यंतसुद्धा जायचा नाही. एकटा वर्गात बसणं तर लांबच राहिलं.

दाखले कुणाकडेच नव्हते. माझ्याचा जन्म माहेरी झालेला, तिकडे कुणी नोंदच केली नव्हती. बाईंनी सरळ जुनी रीत काढली. म्हणाल्या, "डोक्यावरून हात घे आणि पलीकडचा कान धर." कानाला बोट लागलं की मूल शाळेच्या वयाचं झालं. माझ्याचं बोट जरा कमी पडत होतं. मी त्याचे केस सारखे करायच्या निमित्ताने मागून कोपर वर ढकललं, लागलं. लंबूच्या तर अख्ख्या पंजात कान मावला.

"हा मोठा दिसतो हो," बाई म्हणाल्या. "किती वर्षांचा?"

शेजारीण घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "थंडीत झाला बगा," एवढंच ती बोलली.

तिला पुढे बोलायची गरजच पडली नाही. मी होते ना. मी म्हटलं, "अहो बाई, माझ्याच्या बरोबरीचा आहे. देशावरची हाडं, थोराड दिसतो."

बाईंनी दोघांनाही एक जून लावला. त्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली. बाहेर आल्यावर शेजारणीने माझा हात घट्ट धरला. तिला वाटलं, मी तिच्या पोरावर उपकार केले. मी ते वाटू दिलं.

पुढे दोघं हायस्कूलला गेली. तिथे खेळाचे नवे सर आले होते, त्यांना फुटबॉलचं वेड. लंबू त्यांच्या नजरेत पहिल्याच दिवशी भरला. उंच, पायात जोर, बॉल घेऊन सुटला की बाकीची पोरं मागे नुसती धूळ खायची. आमचा संघात होता, पण राखीव. म्हणजे सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायचा. रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, "आई, मी कधी खेळणार गं?" मी म्हणायचे, खेळशील रे. आणि मला शेजारच्या खोलीतून लंबूचं हसणं ऐकू यायचं. ते मला टोचायचं. टोचायचं, हे आज लिहिते. तेव्हा मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सर एकदा चाळीत आले. शेजारणीला म्हणाले, "चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत हा चमकला की जिल्ह्याच्या निवडीला पाठवतो. तिथून सरकारी वसतिगृह. खाणं, शाळा, खेळ, सगळं फुकट." त्या दिवसापासून ती कैची चालवता चालवता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "भट्टी न्हाई, हमाली न्हाई. माझं पोर धावून खाणार."

सेमीफायनल उल्हासनगरच्या मैदानावर होती. त्याच दिवशी संध्याकाळी गठ्ठे परत द्यायचे होते आणि दोघींचेही अर्धे तसेच पडलेले. मी म्हटलं, राहू दे, दोघी घरीच बसू. ती ऐकेना.

"तू जा. तुझ्यावाटचे धागे मी कापते. माझ्यावाटचं तेवढं डोळं भरून बघून ये."

म्हणून मी गेले. डब्यात दोघांपुरत्या चपात्या घेतल्या.

समोरची शाळा उल्हासनगरचीच. पोरं बारकी, गोरी, तेल लावून भांग पाडलेली. त्यांच्या आया सावलीत चादरी टाकून बसलेल्या. लंबूने आल्या आल्या गोल मारला, मग अजून एक. तिसऱ्याला जाताना त्यांचा गोलकीपर मध्ये आला. लंबूने मुद्दाम नाही केलं, हे मी कुठेही सांगेन. पण भरधाव म्हशीपुढे वासरू यावं तसं झालं. पोरगं उडून पडलं आणि मनगट धरून किंचाळलं.

त्याची आई चप्पल टाकून धावली. "ये बच्चा है? इसको देखो तो! इसकी मूंछ है!"

आमच्या बाजूचा एक बाप हसला. "मॅडम, भाकरी खाता है. तुम भी खिलाओ."

"भाकरी खाने से मूंछ आती है, भाईसाब? तो आपकी बेटी की भी आयी होगी!"

लोक हसले, आणि मग हसता हसताच भांडण पेटलं. आमचे सर म्हणाले, कागद बघा, एक जून लिहिलंय. स्पर्धा घेणारे एक वयस्कर गृहस्थ होते, गळ्यात शिट्टी. ते कागद चाळत म्हणाले, "सर, तुमच्याकडे एक जूनला दवाखान्यांत जागा तरी उरली होती का?" सर चिडले. "समोरच्यांचेही तपासा मग! सगळ्याच शाळा हे करतात. जिंकायला आलोय, भजनाला नाही." तिकडून कुणी ओरडलं, "बच्चों का खेल है, कुश्ती नहीं!" आमच्यातलीच एक आई हळूच म्हणाली, "बोलतात ते खरंच आहे हो, आमचाही प्रॅक्टिसला त्याला घाबरतो." दुसरीने तिला गप्प केलं. "अगं, जिंकतोय ना आपण?"

मी या सगळ्यातून बाजूला त्या पडलेल्या पोराजवळ बसले होते. पदर भिजवून त्याच्या मनगटावर धरला होता. मनगट केवढंसं, माझ्या पोराएवढंच. त्याची आई येऊन माझ्याशेजारी टेकली. तिचा आवाज आता खाली आला होता.

"बहेन, आप उसके पड़ोस में रहती हो ना? किसी ने बताया. आपका भी बच्चा है. भगवान को मान के बोलो, वो सच में इनके बराबर का है?"

मी वर बघितलं. समोर बाकावर माझा पोरगा बसला होता. पायात नुसते मोजे, मांडीवर बाटल्या.

मी म्हटलं, "दो साल बड़ा है."

शिट्टीवाले गृहस्थ आमच्या मागेच उभे होते. त्यांनी मला परत विचारलंसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई खरंच बोललीस ना? हो, खरंच बोलले. त्या बारक्या पोरांवर अन्याय होत होता, हेही खरं. पण मी बोलले ते त्या सुजलेल्या मनगटाकडे बघून की त्या मोज्यांकडे बघून? किती वेळा मनाशी उलटसुलट केलं. मनगट, मोजे. मोजे, मनगट. लागत नाही. आणि शाळेच्या दारात खोटं बोलले होते तेही त्याच रडक्यासाठी. लंबूला दोन वर्षं मी दिली आणि मीच काढून घेतली. मधल्या मध्ये त्याला कुणी विचारलं नाही.

वाद घालून घालून शेवटी तोडगा निघाला. लंबूने बाहेर बसायचं, त्याचे गोल धरायचे नाहीत, उरलेला हाफ नव्याने खेळायचा. जिल्ह्याच्या निवडीत त्याचं नाव जाणार नाही. सरांनी टोपी काढून आपटली आणि माझ्या पोराला हाक मारली.

"आई! आई, मी खेळतोय!" तो इतका आनंदाने ओरडला की मला त्याच्याकडे बघवेना.

त्याला बूट नव्हते. शाळेकडे मोजकेच जोड होते, खेळणाऱ्यांपुरते. लंबूने आपले काढले. ते त्याला मोठे व्हायचे, तर लंबूने कुठूनशा जीन्सच्या चिंध्या काढून पुढच्या टोकात कोंबल्या. आमच्याच गठ्ठ्यातल्या, तो खिशात ठेवायचा. मग खाली बसून त्याने माझ्या पोराच्या नाड्या बांधल्या. दोनदा ओढून बघितल्या. "उजवीकडून जा रे, तो त्यांचा डावा ढिला आहे," असंही सांगितलं.

मग तो अनवाणीच माझ्याजवळ येऊन बसला. मी डबा उघडला. चपाती हातात घेऊन तो म्हणाला, "मावशी, कुणी सांगितलं हो त्यांना?"

"मला काय माहीत रे बाळा."

हे आहे ते. परक्या बाईला मी खरं सांगितलं, आणि माझ्या हातची चपाती खाणाऱ्या पोराला खोटं. त्याने मान हलवली आणि खाऊ लागला. हळू हळू खाल्ली.

आम्ही हरलो. माझा पोरगा खूप धावला, बॉल दोनदा त्याच्या पायाला लागला, बस. परत येताना रिक्षात तो लंबूच्या खांद्यावर झोपला.

घरी आलो तर दोन्ही गठ्ठे कापून, बांधून तयार. माझा माझ्या दाराशी ठेवलेला, वरची जीन्स घडी घालून. शेजारणीने पोराच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. मी सांगितलं, कुणीतरी तक्रार केली, त्याला बसवलं.

"आन् तुझा? खेळला का?"

"खेळला."

"चला. एकाला तरी मिळालं."

मग ती आत गेली, मीठ-मिरच्या घेऊन आली आणि दृष्ट काढायला लागली. "कुणाच्या डोळ्यात आलं माझं पोर, त्याचं डोळं..." असं काहीबाही पुटपुटत. लंबूची काढून झाल्यावर तिने माझ्याचीही काढली. "ह्यो पण आज खेळलाय, ह्याला नगं लागायला." मी दाराला धरून उभी होते. मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका मला लागला. तिने पाणी दिलं.

पुढल्या वर्षी सरांनी लंबूला मोठ्या गटात घातलं, त्याच्या खऱ्या वयाच्या पोरांत. तिथे सगळेच उंच, सगळ्यांनाच मिशा. तो चांगला होता, पण चांगलाच फक्त. एक-दोनदा खेळवलं, मग बसवलं, मग तो जाईनासाच झाला. मी मनाशी म्हणायचे, बघ, निवडीला गेला असता तरी टिकला नसता. स्वतःची समजूत घालायला हे बरं होतं. पण वसतिगृहात दोन वर्षं जेवला असता, शिकला असता, कोण जाणे काय झालं असतं, हेही मागोमाग यायचंच.

दहावीनंतर तो कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यात लागला. गठ्ठे उचलायला. म्हणजे हमालीच.

माझं मात्र चालू होतं. रोज ओट्यावर बसायचं, आज सांगते, उद्या सांगते. ती समोर कैची चालवायची, आणि मी नवऱ्याच्या खोकल्यापासून भाजीच्या भावापर्यंत सगळं बोलायचे, तेवढं सोडून.

एका दुपारी लंबू कामावरून मध्येच आला. ओट्याच्या पायरीवर बसला. शेठ त्याला टेम्पो चालवायला देणार होता, माल पोचवायला. पगार वाढणार होता. पण लायसन मिळेना.

"कागदावर अठरा व्हायला अजून दोन वर्षं आहेत, मावशी," तो म्हणाला आणि हसला. "एजंट म्हणतो, खरं वय ठाऊक असलेलं कुणीतरी आण, वकिलासमोर सांगू दे, बघतो काय होतं ते." मग तो पायरीवरची धूळ बोटाने सारत म्हणाला, "तुम्ही मॅचला सांगितलं होतं ना, तसंच सांगायचं. दोन वर्षं."

माझी कैची थांबली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. रेशनला येता का, असं विचारावं तसं त्याने विचारलं.

मला वाटलं आता शेजारणीची कैची थांबेल. मी तिकडे बघायला घाबरत होते. पण कचकच चालूच होती, तशीच, एका लयीत. म्हणजे तिलाही माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मैदानावर होते त्यांतल्या कुणी ना कुणी सांगितलंच असणार. तेव्हापासून ही माझ्यासमोर बसून धागे कापत होती, माझ्या घरातलं मीठ नेत होती, माझ्या पोराला ताप आला की उशाशी बसत होती.

"अगं..." मी म्हटलं.

तिने माझ्या मांडीवरची जीन्स ओढून आपल्या ढिगावर टाकली.

"जा की," ती म्हणाली, वर न बघता. "पोराचा खाडा हुतोय. तुझ्यावाटचे मी कापते."

मी उठले आणि साडी बदलायला आत गेले. हात धुतले, दोनदा साबण लावून. नखांतलं निळं काही गेलं नाही. तसेच हात घेऊन मी त्याच्या मागे रिक्षात बसले.