आरपार दोरा

मिस्त्री गल्लीत शिरले की त्यांच्या बायकोला घरात बसूनच कळायचं. त्यांचा श्वास वाजायचा. आत घेताना एक बारीक सूर, सोडताना दुसरा. गल्लीतली पोरं त्यांना शिट्टीमामा म्हणायची आणि मिस्त्रींना त्याचं कौतुकच होतं. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलेलं आणि माणूस वर मिरवतोय, याहून संताप येण्यासारखं दुसरं काय असेल?

मिस्त्री नळाच्या तोट्यांवर क्रोम चढवायचे. पितळी तोट्या हुकांच्या चौकटीला टांगायच्या, लालसर पाण्याच्या टाकीत सोडायच्या आणि करंट चालू करायचा. थोड्याच वेळात तोटी अशी चमकते की तिच्यात बघून भांग पाडावा. पण करंट चालू असताना ते पाणी फसफसतं आणि वर पिवळट धुकं उठतं. ते ओढून घ्यायला टाकीच्या कडेला पंखा होता, पण तो बंद असायचा. पंख्यातून महागडं क्रोम उडून जातं, असं मालकाचं म्हणणं. म्हणजे ते वाया जाऊ नये म्हणून माणसांच्या नाकात साठवायचं. तपासणीला कोणी येणार असलं की पंखा फिरायचा, पाहुणे फाटकाबाहेर पडले की थांबायचा.

तोट्या धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जायचं. नाल्याकाठची झाडं एकेक करून वाळली. गल्लीतल्या हातपंपाला पिवळं पाणी यायला लागलं, तेव्हा कारखान्यातून सांगण्यात आलं की पाइप गंजलाय. बायकांनी त्या पाण्यात पांढरे कपडे बुडवायचं बंद केलं, भांडी मात्र घासत राहिल्या. मालकाच्या केबिनमध्ये प्यायचं पाणी बंद जारमधून यायचं. सगळे ते जार रोज बघत होते आणि सगळेच मूग गिळून बसले होते.

टाकीवर एक रीत होती. नवा माणूस आला की पहिले काही आठवडे त्याचं नाक गळायचं, मग रक्त यायचं, मग खपल्या धरायच्या. पुढे सगळं शांत व्हायचं. दुखणं नाही, खुपणं नाही. तेव्हा जुन्यांपैकी कोणीतरी दोरा घ्यायचा, त्याच्या एका नाकपुडीतून घालायचा आणि दुसरीतून बाहेर काढायचा. बाकीचे हुकांच्या चौकटी बडवायचे. "पक्का झालास रे," म्हणायचे आणि त्या दिवशी सगळ्यांना चहा त्याच्याकडून. मिस्त्रींचा दोरा त्यांच्या उस्तादांनी ओढला होता. उस्ताद एक्कावन्नाव्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. कारखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर विडीचं व्यसन लिहिलं. उस्तादांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता. मिस्त्रींनी तो कागद वाचला, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

त्यांना एकुलती एक लेक. ती लहान असताना तिला हसवायचं असलं की ते नाकातून दोरा आरपार काढून दाखवायचे. ती टाळ्या पिटायची. मैत्रिणींना घरी आणून सांगायची, "माझ्या बाबांना जादू येते." बारावीनंतर ती त्याच कारखान्यात पॅकिंगला लागली. आठ महिन्यांपूर्वी मॅनेजरने तिचा हात चटपटीत बघून तिला टाकीवर तोट्या टांगायला घेतलं. मिस्त्रींनी छाती फुगवून सांगितलं, "माझी पोरगी आहे. शिकेल पटकन."

ती खरंच पटकन शिकली.

एका रविवारी दुपारी ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मिस्त्री खाटेवर आडवे होते, बायको शेजारी गेली होती. घरात शिट्टी वाजत होती. ती तर रोजचीच, पण आज सूर वेगळा वाटला, जरा कोवळा. मिस्त्रींनी सहज श्वास रोखून धरला.

शिट्टी थांबली नाही.

ते उठून बसले. पुन्हा श्वास रोखला. दाराशी पाठमोरी बसलेली लेक वाजत होती.

"इकडे ये," ते म्हणाले. "नाक दाखव."

तिने मागे वळून पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी हसली. "कळलं का तुम्हाला? मी सांगणारच होते. परवा डॉक्टर तपासायला येणार आहेत ना, त्या दिवशी सगळे जमतील. तेव्हा दोरा तुम्हीच ओढायचा, असं ठरलंय आमचं. चहासुद्धा सांगून ठेवलाय."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारला गेला, पण तो कोणावर उगारायचा तेच त्यांना कळेना. मालक समोर नव्हता, मॅनेजर नव्हता. समोर होती ती वीस वर्षांची पोरगी, शाबासकीची वाट बघत. त्यांनी तो हात स्वतःच्याच थोबाडावर मारून घेतला. लेक घाबरून रडायला लागली आणि आपलं काय चुकलं म्हणून विचारत राहिली.

मंगळवारी पंखा जोरात फिरत होता. डॉक्टर टेबलावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसले होते. कागद आधीच भरलेले. नाक, कान, घसा, छाती, सगळीकडे नॉर्मल. माणसाने यायचं, सही करायची, जायचं. बावीस वर्षं मिस्त्री असेच नॉर्मल होते.

करंटच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. ती खिशात टाकून ते रांग मोडून पुढे गेले. दोरा काढला, एका नाकपुडीतून घातला, दुसरीतून ओढला आणि दोन्ही टोकं डॉक्टरांच्या हातात दिली.

"धरा," ते म्हणाले. "आणि आता लिहा नॉर्मल."

मागे कोणीतरी सवयीने चौकट बडवली. दुसरं कोणीच बडवलं नाही, तेव्हा तोही थांबला.

"मिस्त्री, तमाशा नको," मॅनेजर म्हणाला. "माल आज जायचाय. टाकी चालू करा."

"आधी माझ्या पोरीच्या कागदावर खरं लिहायचं. मग बाकीच्यांच्या. तोवर टाकी बंद."

"या धंद्यात होतंच हे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"होतंच ना? मग लिहायला हात का अडतो? माझ्या उस्तादांची विडी लिहिताना तर अडला नाही."

मॅनेजरने किल्लीसाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी त्या हाताकडे नुसतं पाहिलं. दोऱ्याची टोकं अजून नाकातून लोंबत होती. मॅनेजरने हात मागे घेतला.

डॉक्टरांनी बॅटरी काढली. लेकीला खुर्चीवर बसवून तिच्या नाकात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि नॉर्मल खोडून दोन ओळी लिहिल्या. टाकीजवळ काम देऊ नये, असंही लिहिलं. तोपर्यंत मागे रांगेत लोक आपापल्या नाकात घालायला पॅकिंगच्या पोत्यांचे दोरे उसवायला लागले होते.

"किती दिवसांत भरेल हे?" लेकीने विचारलं.

"भरत नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे?"

"आपोआप भरत नाही. आहे ते राहणार. छातीकडेही लक्ष ठेवावं लागेल, कायम."

तिने डॉक्टरांकडे नाही, बापाकडे पाहिलं.

सुट्टी झाल्यावर दोघं नाल्याच्या कडेने घरी निघाले. कागद तिच्या मुठीत होता. मिस्त्रींना वाटत होतं, ती काहीतरी बोलेल, आपण जिंकलो म्हणेल. पूल ओलांडल्यावर ती बोलली.

"मी टाळ्या वाजवायचे, बाबा."

"हो."

"आणि तुम्ही वाजवू द्यायचात."

दोघं गल्लीकडे वळले. बायको ओट्याशी उभी होती. गल्लीच्या तोंडाशी शिट्टी ऐकून तिने चहाचं आधण ठेवलं, आणि मग कान देऊन ती तशीच थांबली. शिट्ट्या दोन होत्या.