हत्तीपुढचं प्यादं, एकच घर

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरच्या पाण्याच्या टाकीला गिलावा करत होतो. फोनवर त्याची बायको, रझियाभाबी. "बापूभाऊ, तुमचा गडी गेला," एवढंच बोलली. कालवलेलं सिमेंट घमेल्यातच आळून गेलं... जन्मभर गवंडीकाम केलं, माल कधी वाया घालवला नव्हता. त्या दिवशी गेला.

दस्तगीर आमच्या कडेगावातला गादीवाला. शाळेत दोघंही चौथीच्या पुढं गेलो नाही, पण बुद्धिबळात आमचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, हे मी आजही ठणकावून सांगतो. खेळायचो मात्र देशी. देशी डावात प्यादं पहिल्यापासून एकेक घरच चालतं, आणि शेवटच्या घराला पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. त्याच्या दुकानाच्या कट्ट्यावर आम्ही हाच डाव खेळून म्हातारे झालो.

मग सांगलीच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेला गेलो आणि कळलं, तिथं सगळे नव्या नियमांनी खेळतात. प्यादी दोन-दोन घरं उड्या मारत आली आणि आमचे राजे चहा यायच्या आत मेले. मी पंचांशी भांडलो. दस्तगीर भांडला नाही. घरी येऊन त्यानं लेकाचा जुना मोबाईल मागून घेतला आणि परदेशी लोकांचे डाव बघायला लागला. इंग्रजी कळत नव्हतं म्हणून आवाज बंद. नुसता पट बघायचा, थांबवायचा, तेवढीच चाल आपल्या लाकडी पटावर मांडायचा. असं करत त्यानं काळ्या मोहऱ्यांची एक मांडणी शोधली, जी आमच्या भागात कुणी खेळत नाही. वजिरापुढचं प्यादं दोन घरं. त्याला टेकू म्हणून शेजारच्या उंटापुढचं एक घर. मग राजाकडचा घोडा बाहेर. आणि चौथ्या चालीला, समोरचा लढाईची तयारी करत असताना, पार कडेचं, वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं एकच घर पुढं.

"ही काय चाल हाय रं?" मी म्हणालो. "दारात दरोडा आलाय आन तू परसदारची कडी बघतोयस."

"गादी भरताना मी आधी काय भरतो?"

मला माहीत होतं. आधी कोपरे. कोपरा रिकामा राहिला की कापूस तिकडं सरकतो आणि मधे खड्डा पडतो.

"तुला ठावं हाय, पर तोंडातनं काढणार न्हाईस," तो म्हणाला.

पुढच्या स्पर्धेत त्याचा डाव सांगलीच्या एका कापड दुकानदाराशी पडला. काय खेळला गडी... दुकानदाराचा एकेक हल्ला आल्या वाटेनं परत जात होता. शेवटी दस्तगीरचं एक प्यादं पळत पळत शेवटच्या घरात पोचलं. घोड्याचं घर. नव्या नियमानं तिथं वजीर घेता येतो, डाव तिथंच संपला असता. पण हात जन्माचा देशी. त्यानं घोडा उचलून ठेवला. पुढं तो डाव हरला. "कडेची प्यादी सरकवत बसलं की असंच व्हायचं, चाचा," दुकानदार म्हणाला आणि सगळा हॉल हसला.

येताना एसटीत तो म्हणाला, "चाल न्हाई हारली, गड्या. हात हारला." पण लोकांनी नावं ठेवली ती चालीलाच, आणि ते त्याला लय लागलं. काही दिवस त्यानं दुकानच उघडलं नाही.

त्यानंतर छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. "बापू, आता सांगलीला तू जा," म्हणाला. "तीच चाल खेळ. टिकती का न्हाई, बघू दे लोकांस्नी."

मी दुसऱ्याच्या आखणीवर कधी भिंत उचललेली नाही. तसं त्याला सांगितलंही.

"मग नको शिकू," म्हणत तो पट मांडायला लागला.

तो पांढरी घ्यायचा, मला काळी द्यायचा आणि माझी मांडणी फोडायच्या मागं लागायचा. फुटली की मोहरी परत लावायचा. मला वेळ लागला, कारण मी चालीचालीला हुज्जत घातली. कडेचं प्यादं हललं की त्याच्या शेजारच्या प्याद्याला पुढं पळायला आधार मिळतो, आणि उंटाची वाटही मोकळी राहते, हे मला मार खाऊनच कळलं. शेवटी शेवटी तोच पटाकडं बघत बसायचा. "आता मलाच फुटंना की रं," म्हणाला एकदा. इतका खूश मी त्याला लेकीच्या लग्नातही बघितला नव्हता. ती आमची शेवटची बैठक...

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी सांगलीला एकटा गेलो. तोच दुकानदार समोर आला, आणि काळी मला. चौथ्या चालीला त्याला हसू आलं.

"चाचांचीच का?"

"त्याचीच. फोडून दाखीव."

दुपार सरली. त्यानं हत्ती आणले, वजीर आणला, दोन्ही अंगांनी चाचपून बघितलं. काही हललं नाही. मलाही जिंकता आलं नाही, ते लपवत नाही. शेवटी त्यानं हात पुढं केला. "बरोबरी करू या, काका?" मी जन्मात कधी बरोबरी घेतलेली नाही. त्या दिवशी घेतली. तो मात्र उठेना. पटाकडं बघत म्हणाला, "हे फुटतंय तरी कुठं?"

"ते त्याला इचारायचं हुतंस," मी म्हणालो.

परत आलो तो सरळ दस्तगीरच्या घरी. भाबीला बुद्धिबळातलं काही कळत नाही. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "टिकली का?"

"टिकली."

"कोण हसलं का?"

"आधी हसला. मागनं न्हाई."

भाबी आत गेली, पट घेऊन आली आणि स्वतः जाऊन दुकानाचं शटर वर केलं. "मग हितंच खेळत जावा," म्हणाली. "बंद दुकान मला बघवत न्हाई."

आता रोज दुपारी मी त्या कट्ट्यावर असतो. येईल त्याला पांढरी देतो, काळी माझी. चौथ्या चालीला कडेचं प्यादं एक घर सरकवतो. समोरचा माझ्या तोंडाकडं बघतो. बघू दे. मला घाई नाही.