कोटिंग होऊ द्या

एखादी गोष्ट न करण्यासाठी माणूस किती कष्ट उपसू शकतो हे ज्याला बघायचं असेल, त्यानं केनवडला जाऊन माझ्या साडूंना भेटावं. त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस वाशीम जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर त्याच्याशी माझं नातं जुळू नये एवढीच माझी देवाला विनंती आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. शेतकरी माणूस, अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा, मनानं मात्र असा की घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही. मी रिसोडला शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात आणि त्यांच्या मते मास्तराला जगातलं सगळं माहीत असतं. बैलाच्या औषधापासून नातीच्या नावापर्यंत ते मला विचारत आले आणि मीही काहीबाही सांगत आलो. तिथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी पांढरी गाडी घेतली आणि माझ्या आयुष्यातली शांतता गेली.

गाडी आली त्याच साली बैलजोडी गेली. सालदार मिळेना, ट्रॅक्टर सगळं करू लागला, आणि बैलांना नुसतं उभं ठेवून चारा घालणं साडूंना पटेना. गोठा रिकामा झाला तिथे फरशी बसवून त्यांनी गाडी उभी केली. गव्हाण तशीच राहिली, तिच्यात आता कडब्याऐवजी फडकी, स्पंज आणि शाम्पूच्या बाटल्या असतात. गाडीवर कंपनीचं कव्हर, कव्हरावर ताईंचं जुनं लुगडं, आणि लुगड्यावर कोंबडी चढू नये म्हणून शेजारी एक काठी. गोठ्यावर आलेली लिंबाची फांदी तोडली, का तर पाखरं बसतात. गाडी बघायला येणाऱ्यानं आधी खिशातल्या किल्ल्या ताईंकडे जमा करायच्या, पट्ट्याचं बक्कल शर्टाखाली झाकायचं आणि मग हात मागे बांधून देवळात घालावी तशी प्रदक्षिणा घालायची. माझ्या बायकोच्या हातातल्या बांगड्यांबद्दलही त्यांनी एकदा शंका काढली होती. त्या दिवशी ती जी रागावली, ती अजून त्या गोठ्यात पाऊल टाकत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्य आहे. गाडीची किल्ली देताना शोरूममधला माणूस सहज बोलून गेला की रंग जपायचा असेल तर कोटिंग करून घ्या. त्यानं हे वाक्य दिवसभरात सगळ्यांनाच ऐकवलं असेल आणि बाकी सगळे ते विसरूनही गेले असतील. साडूंनी मात्र ते गुरुमंत्रासारखं कानात ठेवलं. कोटिंग करायचंच हे ठरलं, पण कोणतं, इथे घोडं अडलं. वॅक्स आहे, टेफ्लॉन आहे, सिरॅमिक आहे, आणि गाडीला कातडीसारखी चिकटवायची पारदर्शक फिल्म आहे. प्रत्येकाचे गुण साडूंना तोंडपाठ आणि दोष त्याहून पाठ. वॅक्स म्हणजे डोक्याला तेल लावल्यासारखं, आंघोळ केली की गेलं. फिल्म म्हणजे नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक, मग सोफा घेतलाच कशाला? आणि सिरॅमिकबद्दल तर त्यांनी मला भर वर्गाच्या वेळेत फोन करून विचारलं होतं, "सिरॅमिक म्हंजे कपबशीच ना? मंग कपबशी फुटते का नाई, तुमीच सांगा मास्तर." वर्गात पोरं फळ्यावरचं गणित उतरवून घेत होती. मी हळू आवाजात कपबशी फुटते असं कबूल केलं आणि साडूंचा सिरॅमिकवरचा विश्वास आणखी दोन महिने उडाला.

बोलण्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण साडूंचा प्रयोगावर विश्वास. प्रयोग अर्थातच स्वतःच्या गाडीवर करता येत नाही. एका रविवारी त्यांनी मोठ्या प्रेमानं मला मटणाला बोलावलं, आग्रह करून वाढलं, आणि मी ओसरीवर आडवा झालो तेवढ्यात माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरं अशी दोन कोटिंगं लावून मोकळे झाले. मी उठून बघतो तर टाकीवर एकीकडे दही, एकीकडे शेण, आणि मधे कुठूनसं मिळवलेलं कबुतराचं शिटं वाळत घातलेलं. "उन्हात राहू द्या दिवसभर," ते म्हणाले. "निकाल समोर येईन." निकाल समोर आला तो असा की टाकी एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं विटकरी झाली. ती आजही तशीच आहे. शाळेतली पोरं माझी गाडी लांबून ओळखतात.

कार्यप्रसंगी त्यांना सोबत नेणं म्हणजे तर परीक्षाच. रिसोडलाच एका तेरवीला आम्ही गेलो होतो. मंडपाबाहेर एक काळीभोर चकचकीत गाडी उभी होती. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो असताना साडू दिसेनात. शोधायला गेलो तर ते त्या गाडीच्या दारावर बोट फिरवून बोटाचा वास घेत होते. गाडी ज्याचे वडील गेले त्या मुलाची. नमस्कार करून, दुःखाचे दोन शब्द बोलून, त्याच दमात त्यांनी त्याला विचारलं की हे कोटिंग कुठलं. तो बिचारा डोळे पुसत पुसत अकोल्याच्या दुकानाचा पत्ता सांगत होता. मी तिथून निघालो आणि घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

आता मुख्य गोम सांगतो. चांगलं कोटिंग करणारी दुकानं अकोल्याला. म्हणजे गाडी अकोल्याला न्यायला हवी. पण कोटिंगशिवाय गाडी रस्त्यावर काढली आणि समोरच्या ट्रकच्या चाकाखालून गिट्टी उडाली तर? म्हणून गाडी न्यायची नाही, आणि गाडी नेल्याशिवाय कोटिंग होत नाही. हा फेरा मी त्यांना कागदावर काढून दाखवला, तोंडानं समजावला, एकदा अक्षरशः हात जोडून समजावला. त्यांना तो समजतही होता. "तुमचं म्हननं बराबर हाये," असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोल्याला जात, दुकानात तासभर बसून चौकशी करत आणि एसटीनंच परत येत. स्वतःची नवीकोरी गाडी गोठ्यात झाकून ठेवून तिच्याचसाठी बसच्या दांड्याला लोंबकळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. गाडी चालू राहावी म्हणून आठवड्यातून एकदा ती सुरू करायची, गोठ्यातल्या गोठ्यात पुढे-मागे करायची आणि बंद करायची, एवढाच तिचा प्रवास.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात माय होती. माय म्हणजे साडूंची आई, आम्ही सगळेच त्यांना माय म्हणतो. ऐंशीच्या पुढे गेलेली, वाकलेली, पण नजर आणि जीभ शाबूत. मायचा एकुलता एक भाऊ कारंजा लाडजवळच्या खेड्यात असतो. त्याचे गुडघे गेल्यापासून तो खाटेवरून उठत नाही, आणि मायला एसटीची पायरी चढवत नाही, जीपमध्ये कोंबून घेववत नाही. गेली काही वर्षं बहीण-भावाची भेट नाही. गाडी दारात आली तेव्हा माय पहिलं वाक्य बोलली ते हेच, की मला एकदा भावाला दाखवून आण. साडूंनी तेव्हा आनंदानं हो म्हटलं होतं. कोटिंग होऊ दे माय, मग तुले सगळा जिल्हा फिरवतो. दिवाळीला हेच, संक्रांतीला हेच, अक्षय तृतीयेला हेच. मायवर साडूंचा जीव आहे, तिच्या भाकरीचा पहिला घास ते स्वतः चुरून देतात, पण कोटिंगच्या पुढे त्यांना काही दिसत नव्हतं. एकदा माझ्यादेखत माय म्हणाली, "तुह्या कोटिंगच्या पयले मीच गेली म्हंजे?" साडू हसले आणि म्हणाले की असं बोलू नये. मला त्या हसण्याचा फार राग आला. बाहेर येऊन मी त्यांना भीत भीतच चार शब्द सुनावले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग विचारलं की मास्तर, फिल्म उन्हानं पिवळी पडते हे खरं का?

पोळ्याला आम्ही दरवर्षी केनवडला जातो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. साडूंच्या घरी हा मान मायचा. बैल गेल्यावर पहिल्या साली मातीच्या जोडीवर भागवलं होतं. त्या दिवशी माय जेवली नाही. त्यानंतरच्या पोळ्याची ही गोष्ट. दिवस मावळतीला गेला होता, साडू गाडी पुसून कव्हर बाजूला ठेवून अंगणात अकोल्याच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होते, आणि मी ओसरीवर बसून ते ऐकण्याची शिक्षा भोगत होतो. एवढ्यात माय घरातून वाटी घेऊन निघाली. काठी टेकत गोठ्याकडे गेली. मला वाटलं, जुन्या सवयीनं चालली असेल, रिकामी गव्हाण बघून येईल परत.

माय गाडीसमोर उभी राहिली. काठी भिंतीला लावली. वाटीतलं हळद-लोणी दोन्ही तळव्यांना माखलं आणि बॉनेटच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, नीट दाबून चोळू लागली. ताई दारात आरतीचं ताट धरून तशाच थिजल्या. ज्या बॉनेटवर माशी बसली तर काठी उठायची, तिथे कोपरापर्यंत पिवळे हात फिरत होते. साडू फोन कानालाच धरून गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. पलीकडून दुकानदार काहीतरी बोलतच होता.

मायनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती गाडीशी बोलत होती, बैलाच्या कानाशी बोलावं तशी वाकून.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ती म्हणाली. "अन् परवाच्या दिवशी मले माह्या भावाच्या दारात नेऊन सोड. याले सांगून फायदा नाई, म्हनून तुले सांगून राह्यली."

साडूंनी फोन खिशात घातला. मी मनाची तयारी करून बसलो होतो, पण ते ओरडले नाहीत. मायची काठी तिच्या हातात दिली, हात धुवायला पाणी दिलं आणि तिला धरून घरात नेलं. सकाळी मी ओलं फडकं घेऊन त्यांच्याकडे गेलो, हळद वाळली की निघणार नाही असं सांगितलं, तर म्हणाले, राहू द्या. पोळ्याच्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत म्हणून गाडीही जागेवरच राहिली. ताईंनी तिच्यासमोर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. दुसऱ्या दिवशी मायला पुढच्या सीटवर बसवून, मागे आम्हा नवरा-बायकोला घेऊन साडू निघाले. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या पुढे एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि टप्पकन बॉनेटवर आदळला. मी डोळे मिटून घेतले. साडूंनी फक्त मायला विचारलं की ऊन लागतं का.

भावाच्या खाटेशी माय बसली ती दुपार उतरेपर्यंत उठली नाही. दोघं एकमेकांचा हात हातात घेऊन बसले होते, आणि मधेच कुणाचं तरी नाव काढून हसायचे. मामांनी हट्टानं खाट दारापर्यंत ओढायला लावली, गाडी पाहिली आणि बॉनेटवरचे पिवळे हात पाहून विचारलं की बैलाचे खांदे शेकले वाटते. साडू हो म्हणाले. आणि मग इतका मोठा माणूस गाडीच्या मागे जाऊन, टायर बघायच्या निमित्तानं, डोळे पुसून आला. माझा त्या दिवसापर्यंतचा सगळा राग तिथेच विरघळला असं म्हणायला हरकत नाही, पण तो पुढच्याच महिन्यात परत आला.

कारण आता गाडी रस्त्यावर निघाली होती आणि अकोल्याला जायला काही अडचण राहिली नव्हती. मी शाळेतून रजा काढली आणि साडूंना त्यांच्याच गाडीतून दुकानात घेऊन गेलो. कितीतरी वेळा फोनवर बोललेला दुकानदार आम्हाला बघून इतका खूष झाला की त्यानं आधी चहा मागवला. गाडी धुतली, तरी बॉनेटवर दोन्ही बाजूंना फिकट पिवळे तळवे होतेच, बोटांसकट. दुकानदार म्हणाला की काळजी करू नका, पॉलिशमध्ये हे डाग साफ जातील, आणि वरून सिरॅमिक झालं की पुन्हा कधीच काही चिकटणार नाही.

"हळदबी नाई?" साडूंनी विचारलं.

"हळद नाही, कुंकू नाही, डांबरसुद्धा नाही काका."

"हात लावला तर उमटनच नाई?"

"तेच तर काम आहे त्याचं," दुकानदार म्हणाला.

साडूंनी चहाचा कप खाली ठेवला, गाडीची किल्ली उचलली आणि मला म्हणाले, चला मास्तर. दुकानदार बघत राहिला. मी गाडीत बसल्यावर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रजा गेली, टाकी गेली, माझी एवढी वर्षं गेली, आणि शेवटी कोटिंग नाहीच. साडूंनी सगळं ऐकून घेतलं. पातूर गाव मागे पडल्यावर एवढंच म्हणाले, "जे कोटिंग मायचा हात पुसते, थे कायले लावाचं मास्तर?"

हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. उन्हाळा संपेपर्यंत ते तळवे पुसट होत होत गेले, आणि शेवटी कुठे होते ते साडूंनी बोट ठेवून दाखवलं तरच दिसायचे. यंदाच्या पोळ्याला आम्ही गेलो तेव्हा माय बरीच थकली होती. मामा आहेत अजून, अधूनमधून गाडी जाते तिकडे. खांदशेकणीला मायला धरून आणावं लागलं. तिनं हळद-लोणी माखलेले हात बॉनेटवर ठेवले, पण हातात जोर नव्हता, ते नुसते टेकले आणि सरकले. उमटलं काहीच नाही.

साडू तिच्या मागे उभे होते. त्यांनी आपले दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले.

"जरा दाबून लाव, माय," ते म्हणाले.