वहीतलं फाडलेलं पान

माझ्या पोराच्या वहीतलं एक पान मी फाडलं होतं. त्यानं काय झालं ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाई. जसं येईल तसं लिहितो.

पोरगा बत्तीस वर्षांचा. बल्लारपूरला कामाला होता, गाडीनं जायचा यायचा. एका संध्याकाळी रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं, डोक्यात नव्हतं. हाडं जुळली, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, जुनं सगळं आठवेल, नवं टिकणार नाई. तसंच झालं. लहानपणी कोणत्या झाडावरून पडला ते सांगतो, सकाळी काय खाल्लं ते दुपारी विचारा, नुसता पाहतो.

चंद्रपूरच्या बाहेर अशा लोकांना ठेवून घेणारं, शिकवणारं एक केंद्र आहे. दीड वर्षापासून तो तिथं आहे. तिथल्या प्रत्येक दाराला वेगळा रंग आहे, म्हणजे आपली खोली सापडते. चहा करायचा तर शेगडीवर चित्रं लावलेली, पहिले पाणी, मग साखर, असं. एक जण पूर्वीचा एसटी ड्रायव्हर. चंद्रपूर ते एटापल्ली सगळे थांबे ओळीनं म्हणतो आणि मग विचारतो, माझी खाट कोणती? आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेली वही आणि पेन्सिल. जे विसरायचं नाई ते आपल्या हातानं वहीत लिहायचं. वहीत आहे ते खरं, नाई ते नाई.

तो तिथं असतानाच त्याची माय काविळीनं गेली. त्याला आणलं, त्यानंच अग्नी दिला. चार दिवसांनी मला विचारतो, "बा, माय काऊन नाई आली भेटाले?"

मग तिथल्या ताईंनी त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं. 'माय वारली. मी अग्नी दिला.' रोज सकाळी तो वही वाचायचा आणि रोज त्याची माय नव्यानं मरायची. एकदा मी समोर होतो. त्यानंतर वही वाचायची वेळ झाली की मी उठून बाहेर जायचो.

ताई म्हणायच्या, "भाऊ, पहिले हा अर्धा दिवस रडे. आता दहा मिनटात सावरते. डोक्यात नसंन टिकत, पण अंगात कुठीतरी टिकून राह्यलं."

मोहफुलाच्या दिवसांत त्या म्हणाल्या, आठ दिवस घरी नेऊन पाहा. जमलं तर पुढं कायमचं नेता येईल. मी हो म्हणालो. पण आमचं घर गावातलं शेवटचं. मागच्या आंगणापासून जंगल. त्याच महिन्यात शेजारच्या गावची बाई वाघानं नेली होती. माझे गुडघे गेलेले. हा उठून निघाला तर मी कुठवर धावू?

घरी आणलं त्याच दिवशी मी ते पान फाडलं. केंद्रात ताई होत्या, इथं मी एकटा. दांडीवर तिचं लुगडं अजून तसंच होतं. त्या लुगड्याखाली बसून तो रोज रडणार आणि मी पाहणार, हे मला झेपणार नव्हतं. पान घडी करून चुन्याच्या डबीखाली ठेवलं. त्यानं विचारलं तर सांगितलं, "मामाकडं गेली. येईन."

तीन दिवस बरे गेले. ताईंनी दिलेली चित्रं पाहून चहा त्यानंच केला. शेजारची वहिनी पिऊन म्हणाली, "भाऊजी, तुमच्यापेक्षा पोरगा चांगला चहा करते."

"त्याले चित्र पाहून येते," मी म्हणालो. "मले तर चित्र पाहूनही येत नाई."

तो हसला. मला वाटलं, जमलं.

चौथ्या दिवशी पहाटे उठलो तर त्याची खाट रिकामी. मागचं दार उघडं. खुंटीवर मायची मोहफुलं वेचायची टोपली नव्हती. या दिवसांत ती उजाडायच्या आत झाडाखाली असायची. हे जुनं, ते त्याला आठवत होतं. तो मायकडं गेला होता.

काठी घेतली आणि निघालो. फुलं वेचायला दिसावीत म्हणून झाडांखालचा पाला जाळलेला, काळ्या जमिनीवर फुलं पडलेली, माणूस कुठं नाई. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. पुन्हा ओरडलो. दूर वानरं खाकरायला लागली. जनावर दिसल्याशिवाय वानर तसं खाकरत नाई. मी आणखी जोरानं नाव घेतलं. एका झाडाखाली टोपली सापडली, अर्धी भरलेली. फुलं ताजी होती. टोपलीभोवती मी रक्त शोधलं. नव्हतं.

गळा बसला तेव्हा मी खाली बसलो, आणि तेव्हा मला माझी चूक कळली. आमच्याकडं जंगलात कोणाला नावानं हाक मारत नाईत. जंगलानं नाव ऐकलं की मग जंगलच त्या नावानं बोलावते, असं जुने लोक सांगत. लेकरांना शिकवतात, रानात कोणी नावानं बोलावलं तर ओ देऊ नको, आहे तिथं खाली बस. त्याच्या मायनं ते त्याच्या अंगी मुरवलं होतं. मी जितकं ओरडत होतो तितका तो दबून बसला असणार.

रानात प्रत्येक घराची आपली हाक असते, शब्दांशिवायची. त्याच्या मायची दोन आखूड आणि एक लांब, शेवटी वर चढणारी. चाळीस वर्षं मी तिला ओ दिली, पण ती हाक कधी दिली नव्हती. बसल्या गळ्यानं दिली. दोन आखूड, एक लांब.

पन्नास पावलांवरून ओ आली. पळसाच्या झुडपामागून तो उभा राहिला. मी थोबाडीत द्यायला हात उचलला आणि तो तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला. तो माझ्यामागं पाहत होता.

"माय कुठी हाय?"

"घरी चाल."

"आत्ताच हाक देल्ली तिनं."

"मी देल्ली."

"खोटं नको बोलू बा. मायची हाक मले समजत नाई का? तिले घेऊनच येतो. इथी जनावर हाय, वानरं आयकून नाई राह्यला का तू?"

हात ओढला तर हलेना. माझ्यापेक्षा ताकद त्याची जास्त. वानरं आता जवळ खाकरत होती. मग मी सांगितलं. "तुही माय मेली. तू अग्नी देल्ला."

त्यानं गळ्यातली वही उघडली, एकेक पान उलटलं. "कुठी लिवलं हाय? पाह्य. काहीच नाई."

मी पेन्सिल घेऊन तिथंच उभ्यानं लिहिलं. त्यानं वाचलं. "हे अक्षर तुहं हाय," तो म्हणाला. "माह्यं नाई. मंग कसं मानू?"

पेन्सिल त्याच्या हातात दिली. ज्या दोन ओळी ऐकवत नाईत म्हणून मी फाडल्या होत्या, त्या मला माझ्या तोंडानं सांगाव्या लागल्या, एकेक शब्द. माय. वारली. मी. अग्नी. दिला. तो शब्द लिहायचा, माझ्याकडं पाहायचा, मी पुढचा सांगायचो. शेवटी त्यानं स्वतःचं अक्षर वाचलं आणि तिथंच खाली बसला.

मी काठी घेऊन त्याच्या बाजूला उभा राहिलो आणि झाडांकडं पाहत राहिलो. किती वेळ, माहीत नाई. दहा मिनिटं असतील. मग तो उठला, टोपली उचलली आणि म्हणाला, "चाल बा. फुलं सुकतीन."

वाटेत मी मागं चाललो, तो पुढं.

राहिलेले चार दिवस त्यानं सकाळी वही वाचली तेव्हा मी समोर बसून राहिलो. मागच्या दाराला कडी लावली, तिच्यावर कुलूप लावलं, तरी पहाटे तीनदा उठून खाट पाहत होतो.

केंद्रात सोडायला गेलो तेव्हा फाडलेलं पान ताईंच्या हातात दिलं. त्या रागावल्या नाईत. कायमचं कधी नेता, विचारलं. म्हणालो, "अजून नाई. त्याले अजून शिकवा. मलेही शिकवा."

दर रविवारी जातो. तो चहा करतो, मी पितो. एक दिवस त्या वहीत माझंही पान लागणार. ते त्यालाच लिहावं लागेल, आपल्या हातानं, नाई तर तो मानणार नाई. तेव्हा समोर बसून एकेक शब्द त्याला कोण सांगेल? हे ताईंना विचारायचं म्हणून दर वेळी जातो आणि न विचारताच परत येतो.