कड शेकणारे सर

डॉ. माधवराव सावखेडकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याचे कॅन होते. दुष्काळाचं वर्ष, रुग्णालयाचा टँकर आलेला नव्हता आणि भूलतज्ज्ञ म्हणून माझा तिथला पहिलाच दिवस. मी आपली तोऱ्यात म्हणाले, "अहो मामा, ते इकडे ठेवा." त्यांनी मुकाट्यानं ठेवले. थोड्या वेळानं तेच मामा ऑपरेशनचे कपडे घालून समोर उभे! धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सर म्हणाले, "मॅडम, पाणी आलंय. सुरू करायचं?" घरच्या बोअरचं पाणी त्यांनी स्कूटरवरून आणलं होतं.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. मी रुजू झाले तेव्हा रुग्णालयामागे ज्वारीची शेतं होती; आता तिथल्या खिडकीतून समोरच्या सोसायटीतली धुणी दिसतात. सरांची औरंगपुऱ्यातली माडीवरची तपासणीची खोली मात्र आहे तिथंच आहे.

यकृताच्या कर्करोगाची गाठ काढून झाली की सगळ्यांचे हात टाके घालायला शिवशिवतात. सर म्हणत, "थांबा, कड शेकायची राहिली." कापलेल्या कडेला उष्णतेची सुई लावून ते ती सावकाश तापवीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगाच्या पेशी उरल्याच असतील तर तिथंच मराव्यात, रोग परतण्याची शक्यता कमी व्हावी, यासाठी हा खटाटोप. इकडे रुग्णाचा रक्तदाब सांभाळता सांभाळता माझा चढायचा. "सर, आवरा आता!" मी ओरडायचे. ते हसून म्हणत, "मॅडम, तुम्ही ओरडत राहा. गप्प झालात की मला भीती वाटते."

खुलताबादचे करीमभाई बांगड्यांचे दुकानदार. त्यांचं एक ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं आणि गाठ जुन्या कडेलाच परत आली होती. त्यांच्या पत्नी हमीदाबींनी विचारलं, "साहेब, आता नवीन काय करणार?"

"भाकरी मधे फुगली तरी कड कच्ची राहते. मग तुम्ही काय करता?"

"निखाऱ्याला लावते."

"व्हय ना? तेच करणार."

त्या ऑपरेशनात मोठ्या शिरेजवळचा एक कोपरा शेकायचा उरला आणि करीमभाईंचा रक्तदाब घसरला. मी ओरडले नाही. हळूच म्हणाले, "थांबा." सरांनी तत्क्षणी सुई उचलली. आम्ही रक्त चढवलं, सगळे ताटकळले. सरांची ना चिडचिड ना घाई. "तुम्ही म्हणाल तेव्हा," एवढंच. रक्तदाब जागेवर आल्यावर मी म्हणाले, "आता घ्या, पण जपून." तोही कोपरा झाला.

बाहेर हमीदाबी ओढणी मुठीत धरून उभ्या होत्या. "साहेब, आता परत येणार नाय ना?"

"ते मला नाही सांगता येणार, बाई. दर तीन महिन्यांनी तपासायला आणा."

बिचाऱ्या मटकन खालीच बसल्या. माझं डोकंच फिरलं. सरांना बाजूला घेऊन म्हटलं, "एक गोड शब्द बोलायला काय जात होतं तुमचं?"

सर म्हणाले, "मागच्या वेळी कुणीतरी बोललं होतं तो गोड शब्द. आता निर्धास्त राहा, म्हणून. मग करीमभाई तपासायला गेलेच नाहीत."

मग सर परत गेले, हमीदाबींशेजारी फरशीवर बसले आणि त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत उठले नाहीत. त्या दिवशी मला सरांविषयी फार माया वाटली.

सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. काहींचा रोग कड शेकूनही परतला. अशांच्या घरी सर स्वतः जात, अगदी लांबच्या पिशोर गावापर्यंत. करीमभाई मात्र सांगितल्या वेळी माडी चढत राहिले. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं. दर वेळी पेरूंची पिशवी आणि तपासणीत काहीच नाही.

गेल्या महिन्यात मी तिथंच होते. करीमभाई म्हणाले, "साहेब, अल्ला आपको सौ साल की उमर दे."

"तेवढं काही सांगता येत नाही, भाई."

करीमभाई खो खो हसले. "बरं, मग पुढची तारीख तर द्या." सरांनी पुढच्या वर्षाची तारीख दिली.

सर, तुम्हाला शतायुषी व्हा म्हणायची माझी छाती नाही. लगेच पुरावा मागाल. पण करीमभाईंना तुम्ही शब्द दिला आहे. त्या दिवशी ते पेरू घेऊन माडी चढतील, तेव्हा तुम्ही असेच ठणठणीत खुर्चीत बसलेले असा. आणि त्यांना त्याच्याही पुढची तारीख द्या. नाहीतर मी ओरडेन.